चिनी मातीचें खापर : स्वरूप, उगम व घडण
(शिरूर व दौंड तालुक्यांच्या अनुरोधानें)

इतिहास-संशोधनाच्या कामांत कागदाला जो मान मिळतो तो खापराला मिळत नाहीं. जुन्या वाड्याच्या माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल निघाला, तर त्याची वार्ता चार ठिकाणीं जाते, त्याची नक्कल होते व कोणीतरी तो जपून ठेवतो. त्याच माळ्यावरील फडताळांत पडलेली निळ्या नक्षीची फुटकी बशी मात्र केरांत जाते. गांवच्या पांढरींत नांगराच्या फाळाला लागलेलें खापर बांधावर फेंकलें जातें. वास्तविक कागदावर मिती असते असें आपण म्हणतों, तरी पुष्कळ कागदांवर ती नसते, आणि असलेली मिती खोटी असूं शकते. खापरावर मिती लिहिलेली नसते हें खरें; परंतु त्याच्या मातींत, झिलईंत व भाजणींत ती दडलेली असते आणि वाचणारास ती वाचतां येते.

प्रस्तुत लेखांत शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांचा प्रदेश डोळ्यांपुढें ठेवून चिनी मातीच्या भांड्यांचा विचार करावयाचा योजिला आहे. घोड, भीमा, कुकडी व मुळा-मुठा ह्या नद्यांच्या कांठचा हा मुलूख. येथें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या कुंभाराची कामगिरी सांपडते, मोंगली छावण्यांच्या जागा सांपडतात, इंग्रजी पलटणींचें ठाणें सांपडतें, आणि आगगाडीचें मोठें जंक्शनहि सांपडतें. ह्या प्रत्येक थरानें आपापलीं खापरें मागें ठेवलीं आहेत. त्यांतील चिनी कोणतें, चिनीसारखें दिसणारें परंतु चिनी नव्हे तें कोणतें, आणि एखाद्या तुकड्यावरून किती अनुमान काढावें, हा येथील मुख्य प्रश्न होय.

१. शब्दाचा विचार

प्रथम शब्दच पाहूं. फारसींत 'चीनी' म्हणजे चीन देशाचें. त्यावरून तिकडून येणाऱ्या पांढऱ्या, चकचकीत भांड्यासहि तेंच नांव पडलें. हाच शब्द दरबारी व्यवहारांतून मराठींत उतरला. परंतु चीन देशांतून केवळ भांडीं येत नसत. रेशीम येई, कापड येई, खडीसाखर येई. आणि हिंदुस्थानींत तर साखरेलाच चिनी म्हणतात. तेव्हां जुन्या यादींत 'चिनी' एवढाच शब्द दिसतांच त्याचा अर्थ भांडीं असा करणें धोक्याचें आहे. शब्दापुढें माप कोणतें लिहिलें आहे तें आधीं पाहावें, असा आमचा अभिप्राय आहे. शेर किंवा मण असेल तर माल बहुधा साखरेचा. थान असेल तर कापडाचा. नग असेल तर भांड्यांचा विचार करावा. एवढें तारतम्य ठेवलें तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

इमारतींच्या नांवांतहि हाच घोटाळा आहे. भिंतींत ओळीनें लहान लहान कोनाडे करून त्यांत बाटल्या व पेले मांडण्याची जी मोंगली व इराणी तऱ्हा, तिला चिनीखाना म्हणत. इराणांत अर्दबील येथील दर्ग्यास शहा अब्बासानें इ. स. १६११ त हजाराहून अधिक चिनी भांडीं अर्पण केलीं व त्यांसाठीं असाच चिनीखाना सजविला. पुढें भांडीं न मांडतां नुसते कोनाडे कोरण्याची किंवा रंगविण्याची चाल पडली. म्हणून चिनीखाना दिसला कीं तेथें चिनी भांडीं होतींच असें ठरत नाहीं. दौलताबादेच्या किल्ल्यावरील चिनी महाल सर्वांस ठाऊक आहे. शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा यास इ. स. १६८७ त गोवळकोंडा पडल्यानंतर तेथें कैदेंत ठेविलें होतें. त्या महालाचें नांव त्याच्या दर्शनी भिंतीवरील झिलईदार रंगीत फरशांवरून पडलें. त्या फरशा म्हणजे खरी चिनी माती नव्हे.

युरोपीय भाषांतील शब्दाचा उगम आपल्या वाचकांस मौजेचा वाटेल. इटालियन भाषेंत 'पोर्चेलाना' म्हणजे कवडी. कवडीच्या पाठीसारखें गुळगुळीत, पांढरें व चमकदार म्हणून भांड्यालाहि तेंच नांव मिळालें. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोच्या प्रवासवर्णनांत हा एकच शब्द कवडीला व भांड्याला असा दोन्हीं अर्थांनीं आलेला आहे. पोर्सिलेन हें त्याचेंच पुढील रूप.

आपल्या घरांतील 'मर्तबान' हा शब्द ब्रह्मदेशाच्या मर्तबान बंदराचा आहे. तेल, तूप, लोणचें व पाणी भरण्याचे मोठे झिलईदार रांजण त्या बंदरांतून सर्व हिंदी महासागरांत जात. त्यांतील कांहीं चीनचे, कांहीं सयामचे व कांहीं ब्रह्मदेशचे असत. माल कोठलाहि असो, नांव बंदराचें चिकटलें. 'सुरती' किंवा 'भडोची' म्हणतांना आपणहि हेंच करतों.

२. चिनी माती म्हणजे काय

सर्व भाजलेल्या मातीचे स्थूलमानानें तीन वर्ग होतात. पहिला वर्ग आपल्या कुंभाराच्या मडक्याचा. नदीकांठचा गाळ किंवा तळ्याची चिकण माती घेऊन तींत राख व घोड्याची लीद मिसळतात आणि आव्यांत सुमारें सातशें ते नऊशें अंश सेंटिग्रेडपर्यंत भाजतात. अशा खापरांत सूक्ष्म छिद्रें राहतात. मडक्याचें पाणी गार होतें तें ह्याच छिद्रांमुळें. मातींत लोहाचा अंश असल्यानें खापर लाल होतें. भाजतांना वारा कोंडला तर काळें होतें.

दुसरा वर्ग दगडी भांड्यांचा. ही माती अकराशें ते साडेबाराशें अंशांपर्यंतची आंच सोसते व त्या आंचेंत तिच्या कणांमधील फटी बुजतात. भांडें जड व घट्ट होतें, पाणी धरून ठेवतें, परंतु त्यांतून उजेड आरपार दिसत नाहीं. आपल्या घरची लोणच्याची बरणी, वर तपकिरी व खालीं पिवळट पांढरी, ह्या वर्गांतील आहे. तिला आपण चिनी मातीची म्हणतों तें व्यवहारापुरतें. शास्त्रदृष्ट्या ती खरी चिनी नव्हे.

तिसरा वर्ग खऱ्या चिनी मातीचा. तिचें अंग आंत-बाहेर पांढरें, इतकें एकजीव कीं तें एक टक्क्याहूनहि कमी पाणी शोषतें. पातळ ठिकाणीं प्रकाश अंगांतून झिरपतो. आणि टिचकी मारली असतां घंटेसारखा स्वच्छ नाद येतो. झिलई व अंग हीं एकाच आंचेंत एकमेकांत मुरलेलीं असल्यामुळें फुटक्या कडेवर दोहोंमधील रेघ क्वचितच उठून दिसते. हीं सर्व लक्षणें एकत्र पाहावयाचीं असतात. एकच लक्षण धरलें तर फसगत होते. तिचें उदाहरण पुढें येईलच.

३. घडण

खरी चिनी माती दोन द्रव्यांच्या मिलाफानें होते. एक पांढरी, चिकट, आंचेस न वितळणारी माती. चीनच्या जिआंग्शी प्रांतांत जिंगदेजेन ह्या कारखान्यांच्या शहराजवळ गाओलिंग नांवाचें ठिकाण आहे. त्यावरून ह्या मातीस केओलिन हें नांव जगभर पडलें. ग्रॅनाइटासारख्या खडकांतील फेल्स्पार हजारों वर्षें कुजून ती तयार होते. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ही पांढरी माती सांपडते. शिरूर-दौंडचा खडक मात्र काळा बेसाल्ट. तो कुजून लोहयुक्त काळी माती होते, आणि तींत चुनखडीचे खडे असतात. ह्या मातीचें भांडें तेराशें अंशांच्या आंचेंत ठेवलें तर तें भाजत नाहीं, वितळून बसतें. तेव्हां आपल्या कुंभारानें चिनी भांडें केलें नाहीं ह्याचें कारण त्याच्या हातांत कसब नव्हतें हें नसून त्याच्या पायांखालची माती निराळी होती, हें प्रथम ध्यानीं धरावें.

दुसरें द्रव्य एका पांढऱ्या दगडाचें पीठ. हा दगड पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या उखळ्यांत कुटून, धुऊन, त्याच्या लहान विटा पाडीत. म्हणून त्यास चिनी भाषेंत पांढऱ्या विटा अशा अर्थाचें नांव आहे. ह्या दगडांत गारगोटी, अभ्रक व फेल्स्पार हीं असतात. मोठ्या आंचेंत तो वितळून कांचेसारखा होतो व केओलिनच्या कणांना धरून ठेवतो. एक द्रव्य हाड व दुसरें मांस अशी उपमा चिनी कारागिरांच्या तोंडची म्हणून सांगतात. ती यथार्थ आहे. नुसतें मांस असेल तर भांडें भट्टींत वांकतें, नुसतें हाड असेल तर तें एकजीव होत नाहीं. प्रारंभीं जिंगदेजेन येथें केवळ ह्या दगडाच्या पिठाचींच भांडीं होत. दोन्हीं द्रव्यें मिसळण्याची रीत तेथें चौदाव्या शतकाच्या सुमारास, युआन राजवटींत रूढ झाली, आणि तेव्हांपासून मोठालीं थाळीं व सुरया न वांकतां भाजून काढतां येऊं लागल्या.

दोन्हीं द्रव्यें पाण्यांत कालवून, निथळून, रेताड भाग काढून टाकतात. तो लगदा तुडवून मुरत ठेवतात. जितका मुरेल तितका तो चाकावर चांगला उठतो. भांडें चाकावर घडवून किंवा सांच्यावर दाबून अर्धवट सुकलें म्हणजे धारदार हत्यारानें त्याचें अंग तासून पातळ करतात आणि बुडाशीं बैठकीचें कडें कोरतात. निळी नक्षी काढावयाची असेल तर ती ह्याच वेळीं, कच्च्या अंगावर, कोबाल्टच्या रंगानें काढतात. रंगवितांना हा रंग काळपट दिसतो. आंच लागल्यावर निळा होतो. कच्चें अंग पाणी झट् दिशीं शोषतें, त्यामुळें एकदां उमटलेली रेघ पुसतां येत नाहीं. नक्षीवर झिलईचा लेप देतात. तो त्याच पांढऱ्या दगडाच्या पिठांत चुना व लांकडाची राख मिसळून केलेला असतो. म्हणजे झिलई व अंग हीं एकाच कुळांतलीं. म्हणूनच तीं आंचेंत एकमेकांस सोडीत नाहींत.

नंतर प्रत्येक भांडें जाड मातीच्या डब्यांत ठेवून ते डबे भट्टींत एकावर एक रचतात, कारण धुराची राख झिलईवर पडली तर भांडें डागाळतें. भट्टीची आंच साडेबाराशें ते चौदाशें अंशांपर्यंत नेतात. भट्टींत वारा मोजकाच सोडला तर उरलासुरला लोहांश निळसर-हिरवट छटा देतो. जुन्या चिनी भांड्यांचा पांढरा रंग किंचित् निळसर दिसतो तो ह्यामुळें. ह्या आंचेंत भांडें आक्रसतें, म्हणून कारागीर तें आधींच मोठें घडवितो. लाल, पिवळा, गुलाबी हे रंग एवढी आंच सोसत नाहींत. ते तयार भांड्यावर चढवून पुन्हां सुमारें आठशें अंशांच्या मंद आंचेंत भाजतात. बोट फिरविलें असतां असे रंग हातास किंचित् उंच लागतात व वापरानें झिजतात. निळी नक्षी झिलईखालीं असल्यानें कधींच झिजत नाहीं. संग्राहकास ही खूण फार उपयोगी आहे.

देंत्रकोल नांवाच्या फ्रेंच जेसुइट पाद्र्यानें इ. स. १७१२ व १७२२ त जिंगदेजेनच्या कामाविषयीं दोन पत्रें लिहिलीं. एक पेला पुरा होईपर्यंत सत्तर माणसांच्या हातांतून जातो असें त्यानें ऐकून नमूद केलें आहे. एक जण केवळ वर्तुळ काढणार, दुसरा फुलाची बाह्यरेषा, तिसरा तींत रंग भरणार, अशी ही कामाची वांटणी होती.

४. उगम व प्रसार

चीनमध्यें झिलईदार, मोठ्या आंचेंतल्या मातीच्या भांड्यांची सुरुवात शांग काळापर्यंत, म्हणजे इसवी सनापूर्वीं दीड हजार वर्षांच्या आसपास जाते. हिरवट झिलईचीं घट्ट भांडीं उत्तर हान काळाच्या अखेरीस, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत, जेजिआंग प्रांतांत होऊं लागलीं. उत्तर चीनमधील खरीं पांढरीं भांडीं सहाव्या-सातव्या शतकांतलीं. नवव्या शतकापर्यंत हा माल समुद्रमार्गें अरबस्तान व इराणकडे मोठ्या प्रमाणावर जाऊं लागला. इ. स. ८५१ च्या एका अरबी वृत्तांतांत, चिनी लोकांच्या मातीच्या पेल्यांतून आंतलें पाणी बाहेरून दिसतें असें आश्चर्यानें लिहिलें आहे. त्याच शतकाच्या पूर्वार्धांत इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ एक जहाज बुडालें, तें इ. स. १९९८ त सांपडलें व त्यांतून सुमारें साठ हजार नग निघाले. त्यांत बहुसंख्य माल दगडी वर्गाचा आहे व पांढरे नग थोडे आहेत. खऱ्या पांढऱ्या भांड्यांचें त्या काळीं मोल काय असेल तें ह्यावरून समजतें.

सुंग सम्राटांच्या राजवटींत, इ. स. १००४ पासून सुरू झालेल्या जिंगदे ह्या कालनामावरून जिंगदेजेन शहरास नांव मिळालें. निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा बहर चौदाव्या शतकांतला. त्यासाठीं लागणारा कोबाल्ट प्रथम इराणाकडून येई. अर्थात् जी नक्षी आपण निव्वळ चिनी समजतों तिचा रंग पश्चिमेचा व गिऱ्हाईकहि बरेंचसें पश्चिमेचें होतें. इ. स. १३५१ चा लेख असलेल्या दोन सुरया ह्या काळाचा पक्का टप्पा मानल्या जातात. दिल्लींत फिरोजशहा तुघलकाच्या काळच्या राजवाड्याच्या जागीं ह्याच शतकाचीं फुटकीं निळीं-पांढरीं भांडीं मिळालीं आहेत. त्यावरून हिंदुस्थानच्या राजदरबारीं हा माल तेव्हांच पोंचला होता हें निर्विवाद ठरतें.

युरोपियनांनीं ह्या विद्येचा शोध लावण्यास बराच वेळ घेतला. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यानें इ. स. १५७५ च्या सुमारास एक नकली प्रकार काढला. खरी चिनी माती जर्मनींतील साक्सनींत चिर्नहाउस व बॉटगर ह्यांनीं इ. स. १७०८ च्या सुमारास साधली व इ. स. १७१० त माइसेन येथें कारखाना निघाला. इंग्लंडांत कुकवर्दीनें कॉर्नवॉलची पांढरी माती वापरून इ. स. १७६८ त परवाना मिळविला; पुढें स्पोडनें हाडांची राख मिसळून हाडी चिनी मातीचा प्रकार स्थिर केला. त्यानंतर प्रवाह उलटा फिरला आणि इंग्रजी भांडीं हिंदुस्थानच्या बाजारांत आलीं.

५. शिरूर-दौंडच्या भूमीवरील थर

आतां आपल्या प्रदेशाकडे वळूं. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें इ. स. १९६८ पासून पुढें सुमारें पंधरा वर्षें पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी ह्या विद्वानांचीं नांवें त्या कामाशीं निगडित आहेत. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० ह्या कालांतील शेतकऱ्यांची वस्ती तेथें उघडकीस आली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले व कुंभाराची भट्टीहि मिळाली. मुलांना दोन रांजण तोंडास तोंड लावून त्यांत पुरलेलें आढळलें. आणि एका प्रौढ माणसाचा सांगाडा चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणांत बसविलेला मिळाला.

ह्या वस्तीचें मुख्य खापर जोर्वे पद्धतीचें. अहमदनगर, आतां अहिल्यानगर, जिल्ह्यांतील संगमनेर तालुक्याच्या जोर्वे गांवावरून हें नांव पडलें. चाकावर घडविलेलें, पातळ, लाल अंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेलें हें खापर इतकें उत्तम भाजलेलें असतें कीं टिचकी मारली असतां धातूसारखा नाद येतो. वर आम्हीं म्हटलें कीं एका लक्षणावरून निर्णय करूं नये, तें ह्याचसाठीं. नाद हें चिनी मातीचें लक्षण म्हणून धरलें तर तीन हजार वर्षांपूर्वींच्या इनामगांवच्या मडक्यास चिनी म्हणावें लागेल! नाद भाजणीची साक्ष देतो, मातीच्या जातीची नव्हे. कडा पाहिली, लाल रंग व पाण्याचा शोष पाहिला, कीं भ्रम फिटतो. तरीहि त्या काळच्या कुंभारानें ह्याच काळ्या भूमीच्या गाळांतून असें खापर काढलें, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाहीं.

सातवाहन व यादव काळ येथें ओलांडून बहामनी व निजामशाही अमदानीकडे येऊं. ह्या काळच्या जागांवर निळ्या-हिरव्या झिलईचें एक खापर मिळतें व संग्राहक त्यास सर्रास चिनी म्हणतात. कडा तपासली तर आंतलें अंग भुसभुशीत, वाळूसारखें किंवा तांबूस दिसतें आणि झिलईचे पापुद्रे सुटतात. ही इराणी तऱ्हेची झिलई होय. तिचें मोल कमी नाहीं, पण तिचें गांव निराळें आहे.

खरी चिनी भांडीं ह्या भागांत येण्याचा स्वाभाविक मार्ग कोंकणपट्टीवरून घाटानें वर चढतो. चौल हें निजामशाहीचें मोठें बंदर. त्याला लागून रेवदंड्यास पोर्तुगीजांचें ठाणें होतें. चौल-रेवदंड्याच्या परिसरांत चिनी खापरें मिळालेलीं आहेत. तसेंच जुन्या गोव्यास सेंट ऑगस्टीनच्या मठाच्या अवशेषांतहि मिळालीं आहेत. पोर्तुगीजांनीं इ. स. १५११ त मलाक्का घेतलें व इ. स. १५५७ च्या सुमारास मकाव येथें पाय रोवला. त्यानंतर चीनचा माल गोव्यास नियमानें येऊं लागला. चौलास उतरलेला माल घाटमाथ्यावरून जुन्नराकडे व तेथून अहमदनगरास जाई. घोड व भीमा ह्यांचें खोरें ह्या वाटेच्या शेजारचें आहे. ह्या खोऱ्यांत सोळाव्या शतकाचा चिनी तुकडा मिळाल्यास त्यांत नवल कांहीं नाहीं. नवल तो कोणत्या वस्तींत मिळाला ह्यांत आहे. गढींत मिळाला तर एक अर्थ, पेठेंत मिळाला तर दुसरा, आणि शेतकऱ्याच्या घराच्या जोत्यांत मिळाला तर तिसराच.

दौंड तालुक्याच्या समोर, भीमेच्या उत्तर तीरावर, श्रीगोंदें तालुक्यांत पेडगांवचा किल्ला आहे. मोंगल सरदार बहादूरखान कोकलताश ह्याच्या नांवावरून तो बहादुरगड झाला. इ. स. १६८९ च्या फेब्रुवारींत छत्रपति संभाजी महाराजांस तेथें औरंगजेबापुढें आणलें. पुढील मार्चांत भीमेच्याच कांठीं त्यांचा वध झाला, आणि शिरूर तालुक्यांतील वढू येथें त्यांची समाधि आहे. त्या वर्षीं बादशाही छावणी ह्या नदीकांठीं पडलेली होती. मोंगल अमीर चिनी भांड्यांचे मोठे शोकी. विशेषतः जाड, हिरव्या झिलईच्या थाळ्यांना ते जपत, कारण विषारी अन्न घातल्यास अशी थाळी तडकते किंवा रंग बदलते अशी समजूत होती. समजूत खोटी, पण तिच्यामुळें भांडें तीनतीनशें वर्षें टिकून राही. म्हणून छावणीच्या जागीं सांपडलेली चौदाव्या शतकाची हिरवी थाळी ही छावणी चौदाव्या शतकाची असल्याचा पुरावा होत नाहीं. खापर घडल्याचा काळ व खापर फुटल्याचा काळ हे दोन निरनिराळे आहेत. कागदाची नक्कल व अस्सल ह्यांत जो भेद आपण करतों तसाच हा भेद होय.

इंग्रजी अमदानींत शिरूर, म्हणजे घोडनदी, हें पुण्याच्या तैनाती फौजेचें ठाणें झालें. कर्नल वॉलेस इ. स. १८०९ त मरण पावला व त्याची कबर येथेंच आहे. इ. स. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्रीं कॅप्टन स्टाँटनची तुकडी येथूनच निघाली व दुसऱ्या दिवशीं कोरेगांवास लढाई झाली. असल्या छावणीच्या जागीं मुंबईमार्गें आलेला कँटनचा माल व इंग्लंडचा छापील नक्षीचा माल हे दोन्हीं संभवतात. आणि त्यांची गल्लत सर्वांत जास्त होते. इंग्रज कुंभारांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरून ती कागदानें भांड्यावर उतरविण्याची युक्ति रूढ केली. पूल, विलोवृक्ष व दोन पक्षी असलेली 'चिनी' देखाव्याची प्रसिद्ध नक्षी इंग्लंडांतच जन्मली. भिंग लावून पाहिलें तर छापील नक्षींत बारीक ठिपके व समांतर रेघा दिसतात आणि काठाशीं नक्षीचा सांधा जुळत नाहीं. हातानें काढलेल्या नक्षींत कुंचल्याचा ओघ व रंगाचा गडद-फिकेपणा दिसतो. छापील भांड्यांचें अंगहि बहुधा सच्छिद्र मातीचें असतें.

दौंडाचा थर शेवटचा. पुण्याहून सोलापुराकडे जाणारा लोहमार्ग व इ. स. १८७८ त सुरू झालेला दौंड-मनमाड फांटा ह्यांमुळें हें गांव जंक्शन झालें. आगगाडीबरोबर तारायंत्र आलें, आणि तारा खांबांस टांगण्यासाठीं पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या आल्या. विजेस अडविण्याचा गुण ह्या मातींत आहे, आणि ती ऊनपावसांत झिजत नाहीं. चहाबरोबर कपबशी घरोघर गेली. राजदरबारचें दुर्मिळ भांडें तारेच्या खांबावर चढलें व हॉटेलांतल्या फळीवर बसलें, हा चिनी मातीच्या इतिहासांतील सर्वांत मोठा बदल ह्या गांवीं डोळ्यांनीं पाहावयास मिळतो. लोहमार्गाजवळचें पांढरें खापर म्हणूनच तावून घ्यावें.

६. परीक्षा

परीक्षेचा क्रम थोडक्यांत देतों. प्रथम ताजी फुटलेली कडा पाहावी : पांढरी, एकजीव व कांचेसारख्या चमकेची असेल तर चिनी, राखी किंवा पिवळट असेल तर दगडी वर्ग, लाल वा भुसभुशीत असेल तर साधी माती. कडेवर पाण्याचा थेंब ठेवावा; तो शोषला गेला तर चिनी नव्हे. तुकडा दिव्यापुढें धरावा. मात्र जाड तुकड्यांतून उजेड येत नाहीं म्हणून तो नाकारूं नये. बैठकीच्या कड्यास झिलई आहे कीं नाहीं, वाळूचे कण चिकटले आहेत काय, तें पाहावें. शेवटीं बुडावरील ठसा वाचावा. सहा चिनी अक्षरांत सम्राटाचें नांव असतें. परंतु मागच्या सम्राटांचीं नांवें आदरानें घालण्याची चाल असल्यानें पंधराव्या शतकांतल्या नांवाचें भांडें अठराव्या शतकांतलेंहि असूं शकतें. शिवशक घातलेली अलीकडची नक्कल जशी, तसाच हा प्रकार. इंग्रजी मालावर चौकटीच्या आकाराचा नोंदणीचा ठसा असेल तर तो इ. स. १८४२ ते १८८३ मधला. 'इंग्लंड' हा देशवाचक शब्द असेल तर भांडें बहुधा इ. स. १८९१ नंतरचें, आणि 'मेड इन' असे शब्द असतील तर सामान्यतः विसाव्या शतकांतलें.

७. उपसंहार

आतां जें सांगावयाचें तें निकडीचें आहे. खेड्यांत शेताच्या जमिनीस काळी व जुन्या वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. शेंकडों वर्षांच्या राखेनें व भिंतींच्या मातीनें पांढरी पांढुरकी झालेली असते; ती पिकास खत म्हणून चांगली, म्हणून लोक ती गाड्या भरभरून शेतांत नेत आले आहेत. पूर्वीं हें काम बैलगाडीनें होई. आतां यंत्रानें होतें. उंसासाठीं जमिनी सपाट होतात, विटांच्या भट्ट्यांना माती लागते, नदींतून वाळू उपसली जाते, आणि दौंड तालुक्याच्या पूर्व भागांत उजनीचें पाणी कांठापर्यंत भिडतें. एका उन्हाळ्यांत एक पांढर नाहींशी होते, आणि तिच्याबरोबर तिच्यांतील थरांचा क्रम जातो. कागद जळाला तर त्याची दुसरी प्रत कोठेंतरी असण्याचा संभव तरी असतो. पांढरीची दुसरी प्रत नसते.

ह्यावर उपाय म्हणून कोणीं कुदळ घेऊन खणूं लागावें असें मात्र आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. विनापरवाना उत्खननानें थर नांगराहूनहि लौकर नासतात, आणि कायद्याचाहि त्यास प्रतिबंध आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तु पुरावस्तु ठरते व इ. स. १९७२ च्या कायद्याप्रमाणें तिच्या खरेदी-विक्रीस व परदेशीं नेण्यास निर्बंध आहेत. खणावें पुरातत्त्व-विभागानें व विद्यापीठांनीं. आपण पाहावें व लिहावें. जमिनीवर उघडें पडलेलें खापर दिसलें तर तें कोणत्या गांवच्या, कोणत्या शेताच्या, नदीपासून किती अंतरावरील जागीं होतें, शेजारीं आणखी कसलीं खापरें होतीं, हें त्याच दिवशीं नोंदवून ठेवावें. चिनी तुकडा तेवढा वेंचून लाल खापरें टाकून देण्याची चाल विशेष घातक आहे, कारण चिनी तुकड्याचा काळ खालची मर्यादा ठरवितो आणि वस्तीचा काळ ठरतो तो त्या लाल खापरांवरून. घरांतील जुन्या भांड्यांबद्दल तें कोणाच्या वेळीं, कोठून आलें, हें घरच्या वडील माणसांकडून विचारून घ्यावें. गांवाच्या नांवाविना बाजारांत आलेलें उत्तमांतलें उत्तम भांडें शोभेची वस्तु होतें; गांव, शेत व शेजार ह्यांसह नोंदलेला नखाएवढा तुकडा पुरावा होतो.

कागदांचे रुमाल बांधणारांस ही शिस्त नवी नाहीं. कोणत्या दप्तरांतला, कोणत्या घराण्यांतला, कोणाच्या हातचा, हें विचारल्यावांचून ते एकहि पत्र दाखल करून घेत नाहींत. तोच प्रश्न खापरास विचारला म्हणजे झालें. घोड व भीमा ह्यांच्या कांठीं इनामगांवच्या कुंभारापासून दौंडच्या तारेच्या वाटीपर्यंत मातीची जी एक अखंड साखळी आहे, तिचे दुवे शेतांतून रोज वर येत आहेत. ते कोठें निघाले ह्याची नोंद राहील तरच पुढील अभ्यासकांस ते जोडतां येतील.